घरामागचं रान

फेंगशुई म्हटलं की आपल्याला हसरा बुद्ध, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक आणि दाराशी किणकिणणाऱ्या नळ्या आठवतात. घर प्रसन्न राहावं म्हणून माणसं या वस्तू मनोभावे आणतात, आणि त्या इच्छेत वावगं काहीच नाही. पण गावंच्या गावं ही विद्या कशी जगली, ते पाहायचं तर हाँगकाँगच्या ईशान्य टोकाला जायला हवं.

तिथे लाय ची वो हे हक्का लोकांचं जुनं गाव आहे. घरं एकमेकांना खेटून उभी, समोर शेतं, पुढे समुद्र. पाठीशी डोंगरउतारावर अर्धचंद्राकार पसरलेलं दाट रान. ‘पंचबोटी’ म्हणून ओळखला जाणारा कापराचा जुना वृक्ष याच रानातला. वाऱ्याने प्राणशक्ती विखुरते, पाण्यापाशी ती थांबते, असा विचार क्वो फू (276–324) यांच्या नावावर असलेल्या ग्रंथात आहे. तो ग्रंथ खरं तर कबरीची जागा कशी निवडावी याबद्दलचा; पण जित्यांची घरंही त्याच विचाराने वसली. म्हणून पाठीला झाडी आणि पुढ्यात पाणी.

प्राणशक्ती मानणं न मानणं ज्याचं त्याचं. पण ही झाडी चक्रीवादळाचा वारा अडवते, पावसात उताराची माती धरून ठेवते, उन्हाळ्यात गावाला गारवा देते. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, हा गावाचा दंडक. दुसऱ्या महायुद्धात सरपणासाठी हाँगकाँगचे डोंगर उघडेबोडके झाले, तरी गावांमागची अशी रानं बरीचशी तगली. आपली देवराई आठवावी असंच हे आहे. देवराईत देवाचा धाक असतो, इथे घरादाराच्या भाग्याची काळजी होती. रानाच्या बाबतीत तरी कुणा एकाच्या घराचं भाग्य वेगळं काढता येत नव्हतं, आणि मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

आपल्या फ्लॅटमागे डोंगर नाही, हे खरं. पण समोरासमोरच्या खिडक्या असतात, आणि त्यातल्या एकीपुढे कपाट उभं असतं. ते सरकवलं की वारा आरपार खेळतो, घरातला कोंदटपणा जातो. झाडंही असतात. पानं पडतात, पक्षी गाड्या घाण करतात, म्हणून सोसायटीच्या सभेत झाड तोडायचा विषय निघतो. शहरात झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण अर्ज करायचा की नाही, हे आधी त्या सभेतच ठरतं. एरवी आपण सभेला जात नसू, तरी त्या दिवशी आवर्जून जावं. दुपारी त्या झाडाची सावली कुणाकुणाच्या भिंतीवर पडते, कोणत्या मजल्यापर्यंत पोचते, हे आधी नीट पाहून घ्यावं आणि सगळ्यांसमोर सांगावं.