वॉचमनकडची किल्ली

मी नियमाने बरोबर होतो. तरीही माझी चूक झाली का? गेले काही महिने हा प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. तो माझ्या एकट्याचा नाही. आपल्या धर्मग्रामात वाड्या जाऊन जिथे जिथे इमारती उभ्या राहिल्या, तिथे तिथे संध्याकाळी कामावरून दमून आलेला माणूस आधी गाडी लावायला जागा शोधतो. शेजाऱ्याशी त्याचे पहिले भांडण बहुधा त्याच जागेवरून होते. म्हणून आज थोडे मनमोकळे लिहितो. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांना हा लेख आधी वाचून दाखवला आहे. "नाव नको, बाकी लिहा," एवढेच ते म्हणाले.

आमच्या सोसायटीत २४ सदनिका आहेत आणि गाड्या लावायच्या जागा १४. त्यातल्या काही जागा एकामागे एक आहेत. आतली गाडी काढायची तर आधी बाहेरची हलवावी लागते. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून जागा ठरतात. त्या वर्षी आतली जागा आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या शेजाऱ्यांना आली आणि बाहेरची मला. अशा वेळी बाहेरच्याने रात्री गाडीची किल्ली वॉचमनकडे ठेवायची, असा आमच्याकडचा रिवाज. नियम नव्हे, रिवाज.

एका सकाळी माझ्या गाडीच्या दारावर लांबलचक ओरखडा दिसला. गाडी नवी होती, हप्ते चालू होते. मी शेजाऱ्यांना विचारले. विचारले म्हणजे काय, जाबच विचारला. ते म्हणाले, "मी हात लावला नाही." जिन्यात आवाज चढले. दोन्ही घरांची मुले दारात उभी राहून ऐकत होती. ओरखडा कोणी काढला हे आजतागायत कळलेले नाही. पण त्या रात्रीपासून मी किल्ली खाली ठेवणे बंद केले आणि सेक्रेटरींना तसे लेखी कळवले. त्यांनी उपविधी चाळले. किल्ली ठेवलीच पाहिजे, असे कुठेच लिहिलेले नव्हते. मी जिंकलो.

शेजारी काही बोलले नाहीत. सकाळी साडेसातला मी गाडी काढली की मगच ते त्यांची काढू लागले. असे सहा महिने गेले. रविवारी मात्र आम्ही एकाच मिस्साला जात होतो. शांतीचिन्हाच्या वेळी मी उजवीकडे वळे, डावीकडे वळे, मागे वळून हात जोडे. त्यांची नजर चुकावी म्हणून खांबाआडचा बाक धरून बसायची मला सवयच लागली होती.

मग पावसाळ्यातली ती रात्र आली. दीडच्या सुमारास त्यांच्या आईला धाप लागली. ते गाडीची किल्ली घेऊन खाली धावले. बाहेर माझी गाडी उभी, रेषेच्या अगदी आत, कुलूपबंद. वॉचमन म्हणाला, "साहेबांना उठवू का?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नको." भर पावसात ते नाक्यापर्यंत चालत गेले. वीसेक मिनिटांनी एक रिक्षा मिळाली. आई इस्पितळात पोहोचली आणि देवाच्या कृपेने चार दिवसांनी घरी आली.

हे सगळे मला सकाळी वॉचमनने सांगितले. आमच्या दोन दारांत चार पावलांचे अंतर आहे. बेल वाजली असती तर मी उठलो असतो, दोन मिनिटांत गाडी हलवली असती. याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण शेजाऱ्याच्या मनात होती. आपल्या आईचा श्वास कोंडत असताना माझ्या दारावरची बेल वाजवण्यापेक्षा त्यांना पावसात नाक्यावर जाणे सोपे वाटले. ती वीस मिनिटे माझ्या गाडीने खाल्ली नाहीत. मी सहा महिने धरलेल्या अबोल्याने खाल्ली.

कोणीही मला दोष दिला नाही. सोसायटीच्या कोणत्याही नियमाखाली माझ्यावर ठपका ठेवता आला नसता. आणि नेमके हेच मला टोचते. सगळे नियम पाळूनही माणूस शेजारी म्हणून नापास होऊ शकतो!

जागा कोणाची?

आधी एक साधा प्रश्न विचारू. आपण "माझी पार्किंगची जागा" म्हणतो, ती खरोखर कितपत माझी असते? बिल्डरने इमारतीखालच्या खांबांमधली किंवा उघडी जागा फ्लॅटपासून वेगळी करून विकायची, हा प्रकार आपल्याकडे वर्षानुवर्षे चालला. दहिसरच्या एका सोसायटीचे असेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१० साली न्यायालयाने निकाल दिला की अशा जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाहीत. पुढे आलेल्या रेरा कायद्याखाली छताखालची जागा करारात नोंदवून देता येते, पण उघडी जागा विकता येत नाही. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीच्या ताब्यातल्या जागांचे वाटप सर्वसाधारण सभेने ठरवायचे असते. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. मिळालेली जागा सभासदाला विकता येत नाही किंवा परस्पर दुसऱ्याला देता येत नाही.

म्हणजे माझ्यासारख्या बहुतेकांची जागा ही मालकीची नसून पाळीची असते. आज माझी, पुढच्या वर्षी कदाचित दुसऱ्याची. ज्याच्यासाठी मी सहा महिने अबोला धरला ते माझे नव्हतेच. माझ्याकडे वर्षभरासाठी सोपवलेले होते.

आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट न शिकवता कळत होती. सामाईक विहिरीवर प्रत्येक घराची पाण्याची पाळी असे. सातबाऱ्यावर विहिरीतला हिस्सा नोंदलेला असे. पाळीवरून भांडणे होत नसत असे मुळीच नाही, चांगली कडाक्याची होत. पण एखाद्या घरी मयत झाली किंवा लग्न निघाले की शेजारी आपली पाळी सोडत असे. हिस्सा कागदावर होता आणि सोडणे मनात होते. दोन्ही होते म्हणून वाडी चालत होती.

रेषा कशासाठी?

तेराव्या शतकातले थोर ख्रिस्ती तत्त्वचिंतक संत थॉमस अक्वायनस यांनी मालमत्तेविषयी जो विचार मांडला, तो आमच्या कंपाउंडमध्येही लागू पडतो. वस्तू वाटून घेणे आणि प्रत्येकाने आपापला वाटा सांभाळणे त्यांना मान्य आहे, गरजेचेही वाटते. ते तीन कारणे देतात. माणूस आपल्या वाट्याची काळजी जास्त घेतो. कोणी काय बघायचे हे ठरलेले असले की गोंधळ होत नाही. आणि वाटे स्पष्ट असले की शांतता राहते, कारण न वाटलेल्या सामाईक गोष्टीवरून तंटे अधिक होतात.

तेव्हा जमिनीवर पांढऱ्या रंगाने रेषा मारणे हे काही संकुचितपणाचे लक्षण नाही. रेषा शांततेसाठीच असते. पण संत थॉमस इथे थांबत नाहीत. वाटा सांभाळणे ही एक गोष्ट आणि त्याचा वापर ही दुसरी, असे ते म्हणतात. वापरताना माणसाने ती वस्तू केवळ आपली समजू नये. दुसऱ्याची गरज उभी राहिली की ती सहज पुढे करता यावी.

माझी चूक मला इथे सापडली. रेषेच्या आत राहण्याचा मला अधिकार होता. पण मी त्या रेषेची भिंत केली. वॉचमनकडची किल्ली म्हणजे त्या भिंतीत ठेवलेला दरवाजा होता. "जागा माझी आहे, पण तुझी गरज मला कळते," असे ती किल्ली रोज रात्री न बोलता सांगत होती. नियमात ती नव्हती, कारण अशा गोष्टी नियमात मावत नाहीत. नियम फार तर भांडण थांबवतो. बेल वाजवायचा धीर तो कोणाला देऊ शकत नाही.

मग नेहमी आपणच माघार घ्यायची का?

इथे कोणी विचारील, "म्हणजे दांडगाई करणाऱ्याने जागा बळकावायची आणि भल्या माणसाने दुसरा गाल पुढे करायचा?" हा प्रश्न खरा आहे, तो टाळून चालणार नाही. एखाद्या विधवा बाईच्या स्कूटरच्या जागेवर पदाधिकाऱ्यांच्या पाहुण्यांची गाडी रोज उभी राहते. भाडेकरू म्हणून एखाद्याला सभेत कोणी बोलू देत नाही. अशांना आपण "जाऊ दे, शांतता राख," असे सांगतो, तेव्हा ती शेजारप्रीती नसते. ती आपली सोय असते. समेटाचा उपदेश आपण बहुधा दुबळ्यालाच करतो, कारण त्याला करणे सोपे असते.

उत्पत्तीच्या पुस्तकातली अब्राहाम आणि लोट यांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. दोघांचे कळप वाढले, जागा पुरेना, गुराख्यांची भांडणे सुरू झाली. तोही एक प्रकारे जागेचाच तंटा! अब्राहाम काका, वयाने मोठा, देवाचे पाचारण त्याला आलेले. पहिली निवड त्याची होती. तरीही त्याने पुतण्याला आधी निवडू दिले. लोटाने पाण्याने समृद्ध असा यार्देनेकडचा प्रदेश उचलला. इथे माघार कोणी घेतली पाहा. ज्याचा हक्क मोठा होता त्याने घेतली. धाकट्याला त्याने उपदेश केला नाही.

आणि या गोष्टीचा पुढचा भाग आपण सहसा विसरतो. पुढे लढाईत लोट कैद झाला, तेव्हा त्याला सोडवायला अब्राहामच धावून गेला. त्याने जागा दिली, पण नाते हातचे जाऊ दिले नाही. नाते राहिले म्हणून संकटाच्या वेळी धावता आले. मी याच्या बरोबर उलटे केले. जागा राखली आणि संकटाच्या वेळी ज्याच्याकडे जावे असा माणूस राहिलो नाही.

तेव्हा मला उमगलेले उत्तर असे आहे. हक्क माझा असेल तर तो सोडण्याचे स्वातंत्र्यही माझे आहे आणि त्यातच माझ्या ख्रिस्ती जीवनाची कसोटी आहे. पण दुसऱ्याचा हक्क परस्पर सोडून देण्याचे पुण्य मला मिळत नाही. तिथे मी सभेत उभे राहून त्याच्या बाजूने बोलले पाहिजे. स्वतःसाठी थोडे कमी भांडावे आणि दुबळ्यासाठी थोडे जास्त.

गाडीला जागा, माणसाला?

आणखी एक गोष्ट. एक गाडी लावायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील चाळीत याहून लहान खोलीत संसार करून गेले. आमच्या कंपाउंडमध्ये पूर्वी मुले लगोरी खेळत, मे महिन्यात संध्याकाळी रोझरी होत असे. आता तिथे गाड्या उभ्या असतात आणि त्याही दिवसाचा बहुतेक वेळ नुसत्याच उभ्या. ज्यांच्याकडे गाडी नाही अशी दहा कुटुंबे आमच्या इमारतीत आहेत. त्या अंगणात त्यांचाही वाटा आहे, हे आमच्या एकाही सभेत कोणाला आठवले नव्हते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे विश्वपत्र लिहिले. त्यात शहरातल्या वाढत्या गाड्या आणि त्यांच्यासाठी खर्ची पडणाऱ्या जागा यांचाही उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या पत्रात पार्किंग कशाला, असे मला तेव्हा वाटले होते. आता वाटत नाही.

जपानमध्ये १९६२ पासून असा कायदा आहे की गाडी ठेवायला आपल्याकडे जागा आहे, हे मालकाने दाखवावे लागते. आपण कायद्याची वाट कशाला पाहायची? दुसरी गाडी घेण्याआधी घरात बसून एवढे विचारता येईल, "ही कोणाच्या दारात उभी राहणार?"

आता काय?

आई इस्पितळातून आल्यावर मी समोरची बेल वाजवली. चार पावले चालायला मला तीन दिवस लागले. वेदीवर दान ठेवण्याआधी जाऊन भावाशी समेट करावा, हे प्रभूचे सांगणे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यात एक बारकावा आहे, तो त्या दिवशी ध्यानात आला. माझ्या मनात भावाविषयी काही आहे का, असे प्रभू तिथे विचारत नाही. भावाच्या मनात माझ्याविषयी काही आहे का, हे आठवायला सांगतो. मी सहा महिने फक्त माझा ओरखडा मोजत होतो.

आमचे सगळे गोड झाले, असे लिहिले तर ते खोटे होईल. दार उघडले, पाणी मिळाले, दोघेही थोडे अवघडून बसलो. ओरखड्याचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. आई तेवढ्या आतून म्हणाल्या, "इतके दिवस कुठे होतास रे?" मला उत्तर देता आले नाही.

पुढच्या सभेत आम्ही दोघांनी मिळून दोन सूचना मांडल्या. फाटकाजवळची एक जागा रात्री आजारी माणसासाठी कायम मोकळी ठेवावी. एकामागे एक गाड्या असतील तिथे किल्ली वॉचमनकडे असावी. पहिली सूचना मंजूर झाली. दुसरी झाली नाही, कोणावर सक्ती कशी करणार, असे बरेच जण म्हणाले. त्यांचे बरोबर आहे. ती सक्तीची गोष्टच नाही.

माझी किल्ली मात्र आता रोज रात्री खाली असते.