काय हशील?

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा नागनाथ. आमच्या जिल्ह्यात तहसिली पाच. उत्पन्नाचा दाखला असो की पीकनुकसानीची मदत, ‘जरा तहसीलला जाऊन येतो’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पण तहसील म्हणजे नेमकं काय?

शब्द अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आलेला. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून फुटतात. कोड लिहिणाऱ्याला हे लगेच कळेल: साचा म्हणजे फंक्शन, मूळ म्हणजे इनपुट. ह-स-ल या मुळाचा अर्थ मिळणं, हाती येणं. तालीम आणि तपशील ज्या साच्यातून निघाले, त्यात हे मूळ घातलं की तहसील: मिळवणं, गोळा करणं. मंजूर आणि मजकूर यांच्या साच्यात घातलं की महसूल: जे मिळालं ते. साधं हाती आलेलं ते हासिल, त्याचंच मराठीत हशील झालं. ‘वसूल’ही याच घरातला वाटतो, पण त्याचं मूळ वेगळं, व-स-ल, म्हणजे पोचणं. उर्दू गझलेतलं प्रेमिकांचं मीलन, ‘वस्ल’, तिथलंच.

आता गंमत बघा. अरबीत आजही महसूल म्हणजे शेतातलं पीक. मराठीत महसूल म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होणारा पैसा. शब्द एकच; ‘मिळालं’ खरं, पण कुणाला? हे मूळ सांगत नाही. ते ज्याच्या हातात सत्ता तो ठरवतो. आमचा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथं पीक शेतकरी काढायचा आणि ‘मिळवणारा’ दरबार असायचा. मराठीनं हा शब्द उचलला तो दरबाराच्या बाजूनं, बांधावरून नव्हे.

म्हणून तहसील कायमची वसुलीचीच जागा ठरते का? मला तसं वाटत नाही. मूळ म्हणजे नशीब नव्हे. अतिवृष्टीत सोयाबीन, हळद गेल्यावर पंचनाम्याची फाईल त्याच कार्यालयातून पुढे सरकते आणि पैसा उलट दिशेनं वाहतो. शब्द तोच, कर्ता बदलला.

तुर्कीत तर तहसील म्हणजे शिक्षणसुद्धा. हा अर्थ मला जास्त टोचतो. इथली पोरं पदवी मिळवून पुणे, हैदराबाद गाठतात, मीही त्यातलाच. फीसाठी हळद विकणाऱ्या घराच्या हाती त्यातलं काय येतं?

मराठीत ‘त्यात काय हशील?’ असं आपण हताश होऊन म्हणतो. तो खरा प्रश्न म्हणून विचारायला हवा, कार्यालयालाही आणि स्वतःलाही: मिळालं ते कुणाला, आणि कुणाच्या घामातून?