भीष्माला तर्पण, मग हेन्रीला?

दरवर्षी २१ ऑक्टोबरला नांदेड आणि लातूरच्या पोलीस कवायत मैदानांवर मानवंदना दिली जाते आणि वर्षभरात देशात कर्तव्यावर मरण आलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या गोळ्यांनी केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान पडले, त्यांच्या स्मरणाचा हा दिवस. दिल्लीत २०१८ साली उघडलेल्या राष्ट्रीय पोलीस स्मारकाच्या भिंतीवर चौतीस हजारांहून अधिक नावं आहेत. ती १९४७ पासूनची.

त्याआधी मेलेल्या पोलिसाचं काय?

४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याजवळ अहमदनगरचा पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री इंग्रजांविरुद्ध उठलेल्या भागोजी नाईक यांच्या भिल्लांवर चालून गेला आणि मारला गेला. भागोजी स्वतः एकेकाळी नगरच्या पोलिसात अधिकारी होते. दंगल आणि पोलिसांना अडथळा या आरोपांवरून १८५५ साली त्यांना शिक्षा झाली होती. म्हणजे मारणाराही वर्दीतूनच आलेला. पुढे ११ नोव्हेंबर १८५९ रोजी मिठसागरे इथे फ्रँक सूटरच्या पोलिसांशी लढताना भागोजी पडले. सूटर नंतर मुंबईचा पोलीस आयुक्त झाला.

भागोजींना स्वातंत्र्यवीर मानायचं, तर हेन्रीला आठवायचं कसं? हा पेच मराठवाड्याला परका नाही. नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, आणि १७ सप्टेंबरला इथे मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो तो त्या राजवटीपासून सुटल्याचा. त्या राज्यातही साधे शिपाई होतेच: पोटासाठी भरती झालेले, चोर-दरोडेखोरांमागे धावणारे. राज्य अन्यायी ठरलं की त्यांचं मरणही खोटं ठरतं का?

आपल्या परंपरेने यावर विचार केलेला आहे. भीष्म कौरवांच्या बाजूने लढले. भर सभेत द्रौपदीची विटंबना होत असताना त्यांनी ती थांबवली नाही, आणि हा दोष महाभारत झाकत नाही. तरी शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे युधिष्ठिर राजधर्म शिकायला जातो, आणि भीष्माष्टमीला आजही त्यांना तर्पण दिलं जातं. तर्पण घेणारा निर्दोष असावा, अशी अट कुणी घातलेली नाही. नांदेडला देह ठेवलेल्या गुरू गोविंदसिंगांबद्दल शीख परंपरा सांगते, की रणात शत्रूच्याही जखमींना पाणी पाजणाऱ्या भाई कन्हैयांची तक्रार आली तेव्हा गुरूंनी त्यांना मलमही दिलं. युद्ध मात्र थांबवलं नाही.

स्मरण म्हणजे समर्थन नव्हे, हे यातून स्पष्ट होतं. १९४७ ची रेषा तशीही फार काटेकोर नाही. ज्यांच्यामुळे २१ ऑक्टोबर पाळला जातो, त्या जवानांचं दल १९३९ साली इंग्रजांनीच उभं केलं होतं. त्याची प्रशिक्षण केंद्रं आज लातूरला आणि नांदेडजवळ मुदखेडला आहेत.

हेन्रीचं नाव भिंतीवर कोरा, असं कुणी म्हणणार नाही. पण या केंद्रांत आणि बाभळगावच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात नांदूर शिंगोट्याची हकिकत शिकवली जावी. हेन्री आणि भागोजी, दोघेही एकाच धड्यात असावेत. धडा संपल्यावर प्रत्येक नव्या शिपायाला विचारावं: हुकूम अन्यायाचा असेल, तर तू काय करशील?