विरून जाणारा आधार

पडलेल्याला आधार देणे हे पुण्यकर्म होय, याविषयी आपणांत दुमत नाही. परंतु दिलेला आधार केव्हा काढून घ्यावा, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. अस्थिशल्यविद्येतील एका दीर्घ प्रयत्नाने आम्हांला या प्रश्नाकडे नव्याने पाहावयास लावले.

मोडलेले हाड जुळवताना डॉक्टर पोलादाची किंवा टायटॅनियमची पट्टी स्क्रूंनी बसवितात. हाड सांधेपर्यंत ती हवीच. पण हाड जिवंत आहे. त्याच्यावर जसा भार पडतो तसे ते घडते, असा सिद्धान्त जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ साली मांडला. ताठर पट्टी भार स्वतःवरच घेत राहिली, तर तिच्या छायेतील हाड विरळ होऊ लागते. ज्याने सावरले, तोच मग दुर्बळतेचे कारण ठरतो.

म्हणून शरीरातच विरून जाईल अशा आधाराचा शोध सुरू झाला. बेल्जियमचे अल्बिन लाम्बोत यांनी १९०७ च्या सुमारास मॅग्नेशियमची पट्टी वापरून पाहिली. सोबत पोलादी खिळे असल्याने ती आठच दिवसांत झिजून गेली आणि कातडीखाली वायू साचला. १९८४ साली हेलसिंकी येथे पेन्टी रोक्कानेन यांनी घोट्याच्या मोडलेल्या हाडांसाठी शरीरात विरणाऱ्या कांड्या वापरल्या. शरीरातील पाण्यानेच असा पदार्थ हळूहळू तुटत जातो. तोही लवकर विरत असल्याने काही रुग्णांच्या जखमेत स्राव साचला; पुढे अधिक सावकाश विरणारे पदार्थ आले. हाड जसजसे बळावेल तसतसा आधाराने भार सोडावा, हेच त्यामागचे सूत्र.

आता आपल्या घराकडे वळू. मुलगा तिशीला आला तरी त्याचा प्रत्येक निर्णय आपणच घेतो आणि त्याला माया म्हणतो. धर्मग्रामाच्या मदतनिधीतून एखाद्या विधवा भगिनीला वर्षानुवर्षे धान्य पोहोचते. पण तिला स्वतःच्या पायांवर उभे राहण्यासाठी काय हवे, हे कोणी विचारीत नाही. आपल्याला तिची गरज भागवायची आहे, की तिला आपली गरज भासत राहावी अशी आपलीच इच्छा आहे?

याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. आठ दिवसांत विरणारी पट्टी हाही आधार नव्हेच. स्वावलंबनाचे नाव पुढे करून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाकडे पाठ फिरविणे, ही माघार नसून त्याग केल्याचे सोंग आहे. झिजलेल्या खुब्याच्या जागी बसविलेला कृत्रिम सांधा विरून चालत नाही. तो अखेरपर्यंत टिकावाच लागतो. कोणाला कोणता आधार द्यावयाचा, हे देणाऱ्याच्या सोयीने नव्हे, तर घेणाऱ्याच्या जखमेने ठरावे.

कांडीला निवड नसते. तिच्या घडणीतच विरणे आहे. माणसाला मात्र ते रोज ठरवावे लागते. योहान बाप्तिस्ताने आपलेच शिष्य प्रभू येशूच्या मागे जाताना पाहिले, आणि त्याला त्याचा आनंद वाटला. आपण ज्यांना सावरले, ते एके दिवशी आपला हात सोडून चालू लागतील. त्या दिवशी आपल्या मनात आनंद असेल, की रितेपण? आपली प्रीती कोणासाठी होती, हे तेव्हाच कळेल.