वाचलेल्या पाण्याचा धनी कोण?

नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव आज ज्या संपन्नतेने ओळखले जाते, तिचे मूळ पाण्यात आहे. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा नदी अडवून 26 अब्ज घनफुटांचा जलाशय झाला. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी या कोरडवाहू मुलखात आले. पाण्यामागून ऊस आला आणि उसाबरोबर मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जेथे ज्वारी-बाजरीचे पीक पावसाच्या भरवशावर निघे, तेथे महाविद्यालये, दवाखाने आणि पक्की घरे दिसू लागली. ही सुबत्ता कष्टाची आहे. शहरात बसून त्याच उसाची साखर खाणाराने तिच्याकडे पाहून नाक मुरडावे, हे शोभणारे नव्हे.

अलीकडे शेतीत पाण्याच्या वापरासंबंधी नवनवी साधने आली आहेत. थेंबाथेंबाने मुळाशी पाणी देणाऱ्या ठिबकच्या नळ्या, घरबसल्या मोबाईलवरून चालू-बंद होणारा पंप, जमिनीतील ओल मोजून केव्हा पाणी द्यावे ते सांगणारी यंत्रे, यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. कालव्याच्या पाण्यावरील उसाला ठिबक क्रमाक्रमाने सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै 2017 मध्ये घेतला, तोही पाणी वाचावे या हेतूनेच. हेतू निर्दोष आहे; यंत्रही खोटे बोलत नाही. तथापि ‘पाणी वाचते’ या दोन शब्दांपाशी क्षणभर थांबून एक साधा प्रश्न विचारावा असे आम्हांस वाटते. वाचलेले पाणी जाते कोठे?

समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या विहिरीवर दोन एकर ऊस भिजत होता. ठिबक बसविल्यावर तेवढ्याच पाण्यात तीन एकर भिजू लागला, तर तिसरा एकर पडीक ठेवण्याचा विचार त्याच्या मनात येणे कठीण. उसाला दराची हमी आहे, कारखाना जवळ आहे, मुलीचे शिक्षण व्हावयाचे आहे. तिसरा एकर लागतो. विहिरीतून उपसा पूर्वीइतकाच राहतो. स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 साली कोळशासंबंधी हीच गोष्ट दाखवून दिली होती. वाफेचे यंत्र थोड्या कोळशात अधिक काम करू लागले की कोळशाचा एकूण खप घटत नाही, उलट वाढतो, असे त्याचे प्रतिपादन होते. क्वेंटिन ग्राफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सिंचनाच्या पाण्याबाबत याच जातीचा निष्कर्ष मांडला.

याहून सूक्ष्म अशी आणखी एक गोष्ट आहे. पाटाने पाणी देताना जे ‘वाया’ जाते असे आपण म्हणतो, ते सगळेच वाया जात नाही. त्यातील काही भाग जमिनीत मुरतो आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाझरतो. कालव्याखालच्या गावांतील पुष्कळ विहिरी अशा पाझरावर जगतात. वरच्या शेतकऱ्याने पाझर थांबवून त्या पाण्यावर आपला तिसरा एकर भिजविला, तर त्याच्या वहीत जी बचत दिसते, तीच खालच्या शेजाऱ्याच्या वहीत तूट होऊन बसते. दोन्ही वह्या एकत्र मांडल्यावाचून बचत झाली की नुसती पाण्याची मालकी बदलली, हे कळावयाचे नाही.

कोणी म्हणेल, जमीन माझी, विहीर माझी, तिच्यातील पाणी मी काटकसरीने वापरतो. यात अपराध तो कोणता? कायद्याने पाहता या प्रश्नात बळ आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा मालकाचा हक्क मान्य केला आहे. राज्याच्या 2009 च्या भूजल अधिनियमाने त्याला काही मर्यादा घातल्या, इतकेच. परंतु पाणी बांध ओळखीत नाही. आज माझ्या शेताखाली असलेला थेंब उद्या शेजाऱ्याच्या शेताखाली असतो.

येथे सोनईच्या शेजारचेच उदाहरण आठवते. शनिशिंगणापुरात घरांना दारे-कुलपे न लावण्याची परंपरा देशभर प्रसिद्ध आहे. तिच्यामागची श्रद्धा कोणी मानो वा न मानो, तिच्यात एक नैतिक तत्त्व आहे. जे उघडे आहे ते उचलावयाचे नाही, असा संकेत साऱ्या गावाने मिळून पाळला, तरच बिनदाराचे घर सुरक्षित राहते. जमिनीखालचे पाणी हे असेच बिनदाराचे घर आहे. त्याला कुलूप लावता येत नाही. ज्याचा पंप मोठा, ज्याची विंधनविहीर खोल, त्याचा हात आधी आत जातो. दारावाचून घरे सांभाळणाऱ्या या मुलखाला हा संकेत पाण्यापुरता परका का वाटावा?

तो अशक्य नाही, हे याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखविले आहे. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून त्या अवर्षणग्रस्त गावाने पाणी अडविले, झाडे राखली, आणि त्याहून अवघड काम म्हणजे स्वतःवर बंधने घातली. शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, ऊस-केळी लावावयाची नाहीत. पाऊस किती झाला ते मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडावयाचा, माणसे आणि गुरे यांची तहान प्रथम भागवावयाची व उरलेल्या पाण्यावर पिके ठरवावयाची. ठिबकाच्या नळ्या तेथेही आहेत. पण पाणी किती वापरावयाचे ते आधी ठरते, आणि नळी त्या निर्णयाची चाकरी करते.

अशा बंधनाने व्यक्तिस्वातंत्र्य आकुंचित होते, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. बहुमताच्या नावाखाली बलवान दुर्बलाला बांधतो, असेही गावोगाव घडते. म्हणूनच बंधन सर्वांस सारखे आणि हिशेब सर्वांपुढे उघडा, या दोन अटी अपरिहार्य होत. मात्र बंधनच नसेल, तर स्वातंत्र्य उरते ते खोल खणण्याची ऐपत असणाराचे.

हा उपदेश केवळ शेतकऱ्यांसाठी नव्हे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने 2025 मध्ये गाठले. त्या इथेनॉलचा एक भाग उसापासून होतो. तेव्हा शहरातील स्वच्छ इंधनाच्या समाधानातही कोठल्या तरी विहिरीचे पाणी मिसळलेले असते. यंत्रांनी आमचा वेळ वाचविला, आणि वाचलेला वेळ आम्हांस कोठेच सापडत नाही. वाहनांनी पायपीट वाचविली, आणि आता वैद्याच्या सांगण्यावरून आम्ही पावले मोजीत फिरतो. वाचलेल्या वस्तूचे काय करावयाचे हे आधी न ठरविल्यास ती आमच्या हाती राहतच नाही. हाव तिचा धनी होते.

काटकसर यंत्र शिकवू शकेल. ‘एवढे पुरे’ हे शब्द मात्र माणसालाच उच्चारावे लागतात, आणि पाण्याच्या बाबतीत ते एकट्याने उच्चारून भागत नाही. सगळ्या शिवाराने मिळून उच्चारावे लागतात.