दोन रिसीव्हर, दोन कान

हौशी रेडिओवाल्याच्या टेबलावर एकाच फ्रिक्वेन्सीला लावलेले दोन रिसीव्हर दिसले, की नवख्याला ती चैन वाटते. एकच मोर्स संदेश दोनदा ऐकून काय मिळणार?

लघुलहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या आयनीभूत थरावरून, परतून येतात, त्या अनेक वाटांनी. अँटेनाशी त्या कधी एकमेकींना बळ देतात, कधी पुसून टाकतात. म्हणून आवाज चढतो आणि विरतो. मिनिटाला वीस शब्दांच्या वेगात एक डिट, म्हणजे ठिपका, असतो ६० मिलिसेकंदांचा. डिट-डा-डिट (ठिपका-रेघ-ठिपका) म्हणजे ‘आर’. शेवटचा डिट विरला की उरतो ‘ए’, आणि कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) भलत्याच माणसाचं होऊन बसतं. अर्धा सेकंद विरला तर अख्खं अक्षरच गेलं. अशा वेळी आवाज वाढवून भागत नाही. अँटेनाला जे मिळालंच नाही, ते वाढणार कुठून?

पण संदेश एका जागी विरला म्हणून त्याच क्षणी दुसऱ्या जागीही विरेल, असं नसतं. अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या रिव्हरहेड केंद्रात आरसीए कंपनीने हेच हेरलं: अँटेना दूर दूर, प्रत्येकीला वेगळा रिसीव्हर. कंपनीचे अभियंते बेव्हरेज आणि पीटरसन यांनी १९३१मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. हौशी माणसाकडे तेवढी जमीन कुठली? पण आयनांबरातून येताना लहरीची ध्रुवणदिशाही फिरत असते, त्यामुळे एक आडवी आणि एक उभी अँटेना शेजारी शेजारी असली तरी काम होतं.

रिव्हरहेडला वेगवेगळ्या रिसीव्हरांतल्या संदेशांची बेरीज यंत्र करायचं, हौशी माणूस ती डोक्यात करतो. डाव्या कानात एक रिसीव्हर, उजव्यात दुसरा. साधारण १५०० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठून आला, हे मेंदू दोन कानांतल्या फेजच्या फरकावरून ताडतो. मोर्सचा टोन बहुधा ५००-६०० हर्ट्‌झचा, म्हणजे नेमका त्याच पट्ट्यातला. लग्नाच्या मांडवातल्या गलक्यात आपल्या माणसाची हाक कळते, तसा तो खरखरीतून सुटा होतो. डावीउजवीकडे सरकतो, पण सहसा हरवत नाही. मला या पद्धतीचं मोठेपण इथेच दिसतं: कोणत्या कानाचं ऐकायचं, हा अधिकार ऐकणाऱ्याकडेच राहतो.

दोन्ही रिसीव्हर एकाच ऑसिलेटरवर चालणारे हवेत. एखाद-दोन हर्ट्‌झचा फरक पडला, तरी टोन डोक्यात घिरट्या घालू लागतो. आणि दोघांना एकच अँटेना जोडली, तर दोन्ही कानांत संदेश एकदमच विरणार. तेव्हा दुसऱ्या रिसीव्हरवर पैसे घालण्याआधी दुसरी अँटेना उभारा.