स्वस्त तेलाचा पुरता हिशेब

पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. वर्षाला साधारण ८०-९० लाख टन पामतेल आपण बाहेरून आणतो, त्यातले बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातून. विकतच्या शेवेत, बिस्किटांत, अंगाच्या साबणात ते असते. हॉटेलांच्या कढयांत तर असतेच. ते खपते, कारण ते स्वस्त पडते.

या स्वस्ताईचे एक कारण सरळ आहे. एका हेक्टरातल्या सोयाबीनमधून जेमतेम अर्धा टन तेल निघते, पाममधून तीन-चार टन. दुसरे कारण सुमात्रा आणि कालिमंतानच्या जमिनीत आहे. तिथली सखल भागातली वर्षावने अनेक ठिकाणी पीटवर उभी होती. पाण्याखाली पुरते न कुजता हजारो वर्षे साचलेल्या पालापाचोळ्याचा हा थर कित्येक मीटर खोल असतो. अशा जमिनीत पाम लावायचा तर आधी कालवे खणून पाणी काढून द्यावे लागते. सुकलेला पीट पेटला, की तो जमिनीच्या पोटात आठवडेच्या आठवडे धुमसतो. दमदार पावसाशिवाय विझत नाही. २०१५च्या आगींचा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत पोहोचला. इंडोनेशियाचे नुकसान जागतिक बँकेने सुमारे १६ अब्ज डॉलर धरले होते. सगळ्याच आगी पामपायी लागल्या नव्हत्या. पण ज्या लागल्या, त्यांचा एक पैसाही तेलाच्या डब्यावरच्या किमतीत आलेला नाही.

जंगल तोडणारा हात समोर दिसतो, त्यामागचे व्यवहार दिसत नाहीत. भारताने १९९४मध्ये पामोलीनची आयात खुली केली. १९९७च्या चलनसंकटात इंडोनेशियाचा रुपिया कोसळला आणि १९९८च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जासोबत पामलागवडीतल्या परकीय गुंतवणुकीवरची बंधने उठवण्याची अट आली. गिऱ्हाईक तयार होते, भांडवलाला वाट मिळाली. पुढचे काम गिरणीने केले. पामचा घड तोडल्यावर एक-दोन दिवसांत गाळावा लागतो, नाहीतर तेलाची आम्लता वाढते. म्हणून गिरणी मळ्यालगतच लागते, आणि ती परवडायची तर भोवती हजारो हेक्टर पाम हवा. झाड पंचवीसेक वर्षे फळते. कर्जाचे हप्ते, गिरणीची भूक आणि झाडाचे आयुष्य एकत्र आले, की एका वर्षाचा निर्णय पुऱ्या पिढीला बांधून टाकतो.

हीच स्वस्ताई लातूरच्या मोंढ्यातही जाणवते. सोयाबीनचा भाव पेंडीवरही ठरतो. तरी बाहेरचे तेल पडेल भावात उतरले, की त्याला खालीच ओढते. २०२४च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना अनेकांना त्याखाली माल विकावा लागला. सरकारने सप्टेंबर २०२४मध्ये आयातशुल्क वाढवले आणि मे २०२५मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणले. या ओढाताणीत एकीकडे गिऱ्हाईक असते, दुसरीकडे शेतकरी. जंगलाची बाजू मांडायला तिथे कोणीच नसते.

पामवर बहिष्कार हा यावरचा उपाय नव्हे. तेवढेच तेल सोयाबीनमधून काढायचे तर कितीतरी जास्त जमीन लागेल. शिवाय इंडोनेशियातल्या पामखालच्या सुमारे ४० टक्के क्षेत्रावर छोटे शेतकरी आहेत; त्यांचे पोट त्यावर आहे. वाट दुसरीकडे आहे. स्वित्झर्लंडने इंडोनेशियाशी केलेल्या व्यापार करारात शाश्वत उत्पादनाचा पुरावा देणाऱ्या पामतेलालाच शुल्कात सवलत ठेवली आणि २०२१च्या सार्वमतात तिथल्या मतदारांनी तो करार मान्य केला. स्वित्झर्लंडची खरेदी ती किती! आपण मात्र हा बाजार हलवू शकतो. जंगल न तोडता पिकवलेल्या, मळ्यापर्यंत माग लागणाऱ्या तेलाला कमी शुल्क आणि बाकीच्याला जास्त, एवढा फरक भारताने केला, तर इंडोनेशियातल्या गिरणीमालकाला पहिल्यांदाच जंगल राखण्यात नफा दिसेल. जास्तीच्या शुल्कातून येणारा पैसा तेलबिया पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याकडे वळवता येईल.

यात तेल थोडे महागेल, हे उघड आहे आणि ते गरिबाला टोचणार नाही याची तजवीज रेशनवरच्या तेलातून करावी लागेल. पण आजही ते पैसे वाचत नाहीत. ते धूर छातीत घेणारी कालिमंतानची मुले भरतात आणि हमीभावाखाली सोयाबीन विकणारा शेतकरी भरतो. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने आपले बिल आपणच चुकते करावे, एवढीच ही मागणी आहे.